राणीछाप खरा कसा ओळखावा? जुन्या चांदीच्या रुपयांची पारख

धागालेखक : कसोटी

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने तिच्या सासूबाईंच्या लोखंडी ट्रंकेत सापडलेले सतरा रुपये माझ्यासमोर जाजमावर मांडले आणि यांतले खरे किती, असे विचारले. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडले जाणारे हे रुपये चार पिढ्यांनी मोजले होते, पण तोलले कोणीच नव्हते. संध्याकाळपर्यंत चौदा रुपये निःसंशय खरे ठरले, दोन खोटे ठरले आणि एका रुपयाने मला अजून कोड्यात ठेवले आहे. त्याची हकीकत शेवटी सांगतो, कारण येथील जाणकारांची मदत मला त्यासाठीच हवी आहे.

आपल्याकडे जुने नाणे पुढे आले की चांदी खरी आहे का, एवढेच विचारले जाते. माझ्या मते प्रश्न दोन आहेत. धातू खरा आहे का, हा पहिला. आणि ज्या साली व ज्या टांकसाळीत पडल्याचे ते नाणे सांगते तेथूनच ते आले आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले, असे समजून मी स्वतः एकदा फसलो आहे. सुरुवातीच्या काळात मी सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया एका विक्रेत्याकडून घेतला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो की हे साल अत्यंत दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याची नक्कल मोठ्या प्रमाणावर होते. मी वजन केले, ते बरोबर होते. सराफांकडे यंत्रावर तपासून घेतले, चांदीही बरोबर होती. वर्षभराने दहापट मोठे दाखवणारे भिंग हाती आले, तेव्हा सालातील शेवटच्या आकड्याभोवतीची पातळी बाकीच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खोल गेलेली आणि बारीक ओरखड्यांनी भरलेली दिसली. मूळ रुपया १९३८ चा होता आणि आठाचे खालचे वेटोळे एका बाजूने कोरून काढून त्याचा नऊ केला होता. धातू, वजन, कड, राजाचा मुखवटा हे सारे अस्सल होते, कारण नाणे अस्सलच होते. खोटा होता तो एक आकडा.

आता प्रमाणाकडे वळतो, कारण त्यावाचून पारख होत नाही. कंपनी सरकारने १८३५ मध्ये आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे शेकडा ९१.६७. चौथ्या विल्यमपासून व्हिक्टोरिया (राणीछाप रुपया तो तिचाच), सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जच्या १९३८-३९ च्या रुपयांपर्यंत हे प्रमाण शंभरहून अधिक वर्षे टिकले. म्हणूनच आपल्या आज्या-पणज्या ऐंशी रुपये पारड्यात टाकून शेरभर जिन्नस तोलू शकत होत्या. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण भासल्यावर १९४० पासून रुपयात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त असा मिश्रधातू आला. वजन तेच राहिले. या रुपयाची नक्कल होऊ नये म्हणून बहुतेक नाण्यांच्या कडेला दात्यांच्या, म्हणजे कडेवरील बारीक उभ्या रेघांच्या, मधून जाणारी एक खाच दिली गेली, जी साध्या ओतकामात उतरत नाही. १९४७ चे रुपये, ज्यांच्या पाठीवर वाघ आहे, ते तर शुद्ध निकेलचे आहेत आणि त्यांत चांदी अजिबात नाही. ट्रंकेत ते सापडले तर खोटे समजून टाकू नयेत; ते खरेच आहेत, फक्त चांदीचे नाहीत.

पहिली परीक्षा काट्याची. शंभरावा भाग ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता सहज मिळतो. झिजलेला रुपया ११.५ किंवा ११.४ ग्रॅमही भरेल आणि त्यात काही वावगे नाही, परंतु कोरा करकरीत दिसणारा रुपया १०.८ भरला तर शंका घ्यावी. ट्रंकेतील पहिला खोटा रुपया येथेच उघडा पडला. त्याचा व्यास आणि जाडी खऱ्याइतकीच होती आणि वजन मात्र ९.७ ग्रॅम. तो जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाचा निघाला, ज्यात नावापुरतीही चांदी नसते.

दुसरी परीक्षा पाण्याची, आणि माझ्या मते घरच्या घरी करता येणारी हीच सर्वांत विश्वासाची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असे पाण्यात लोंबकळत धरावे. काटा जो आकडा दाखवतो, तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा, म्हणजेच नाण्याच्या घनफळाचा. नाण्याचे कोरडे वजन या आकड्याने भागले की घनता मिळते. ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवतो आणि घनता १०.३ च्या जवळ येते. १९४० नंतरच्या पन्नास टक्क्यांच्या रुपयाला तो १.२२ दाखवेल. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा तुकडा १.३४ दाखवेल. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा फसवतो, म्हणून पाण्यात आधी नाणे हलकेच हलवून घ्यावे आणि मोजणी तीनदा करावी.

तिसरी परीक्षा डोळ्यांची आहे आणि तीच शिकायला सर्वांत जास्त वेळ लागतो. टांकसाळीत नाणे ठशाखाली दाबून छापले जाते. त्यामुळे अक्षरांच्या कडा उभ्या व धारदार असतात आणि मोकळ्या जागेचा पृष्ठभाग घट्ट दिसतो. साच्यात ओतलेल्या नाण्यावर अक्षरे जणू साबणासारखी विरघळलेली दिसतात, मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतात, आणि कडेवर दोन साच्यांची सांधरेघ घासून काढल्याची खूण राहते. झीज आणि ओतकामाचा बोथटपणा यांत फरक आहे. झीज उंच भागांना आधी लागते. राणीचा गाल आणि केस गुळगुळीत होतात, पण किनारीजवळच्या खोलगट भागातील बारीक नक्षी शाबूत राहते. ओतीव नाण्यात उंच आणि खोल दोन्ही भाग सारखेच बोथट असतात. दुसरा खोटा रुपया मला असा सापडला. तो चांदीचा होता, वजन ११.०५ ग्रॅम होते, पण राणीच्या मुकुटातील आणि किनारीच्या महिरपीतील रेषा एकसारख्या पुसट होत्या.

कृपया एक गोष्ट मनावर घ्यावी. नाणे तपासण्याआधी ते चिंच, राख, रांगोळी किंवा भांड्यांच्या पुडीने घासू नये. वर्षानुवर्षांनी धरलेला काळसर रंग हा पुरावा असतो. तो सखल भागांतून हळूहळू उमटतो आणि उंच भागांवर विरळ होत जातो. खोट्या नाण्याला रसायनाने दिलेला काळेपणा सगळीकडे सारखा, कोरडा आणि काजळीसारखा दिसतो. घासलेल्या नाण्यावर हा फरक कोणालाच वाचता येत नाही.

आता सतरावा रुपया. तो सातव्या एडवर्डचा, १९०७ सालचा आहे. छाप उत्तम, अक्षरे धारदार, राजाचे डोके नियमाप्रमाणे मुकुटाविना. राजाची दाढी आणि कान बऱ्यापैकी झिजलेले, म्हणजे वजन ११.५ च्या जवळ यायला हवे होते. काटा मात्र ११.८१ दाखवतो. झीज वजन कमी करते, ते वाढवत नाही, आणि इतके जड नाणे टांकसाळीने बाहेर सोडलेच नसते. पाण्यात तो १.१५ दाखवतो. जाणकारांनी कृपया आपले मत द्यावे.

प्रतिसाद : नवशिका

लेख दोनदा वाचला आणि लगेच घरातील पाच रुपये तोलले. चार ११.४ ते ११.६ च्या दरम्यान भरले, पाचवा वाघाचा निघाला. आपण चुंबक आणि बर्फ या दोन परीक्षांचा उल्लेख केला नाही, याचे काही कारण आहे का? चित्रफितींमध्ये तर सगळीकडे याच दाखवतात.

प्रतिसाद : कसोटी

कारण असे की या दोन्ही परीक्षा खोटे नाणे पकडू शकतात, पण खरे नाणे सिद्ध करू शकत नाहीत. चुंबकाला चिकटले तर ते चांदीचे नाही एवढे नक्की कळते. आपला वाघाचा रुपया निकेलचा असल्याने चिकटेल आणि तरीही तो खरा आहे. चिकटले नाही तर ते चांदी, तांबे, पितळ, शिसे, जर्मन सिल्व्हर यांपैकी काहीही असू शकते. तिरप्या धरलेल्या नाण्यावरून शक्तिशाली चुंबक हळूहळू घसरला तर धातू विजेचा उत्तम वाहक आहे असे कळते आणि त्यामुळे जर्मन सिल्व्हर वगळले जाते, परंतु चांदीचा मुलामा दिलेले तांबे या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते. बर्फाचेही तसेच आहे. चांदीवर बर्फ झपाट्याने वितळतो हे खरे, पण तांब्यावरही तो जवळजवळ तितक्याच वेगाने वितळतो. पाण्याची परीक्षा मात्र तांब्याला सोडत नाही, कारण तांब्याची घनता ८.९६ आहे आणि मुलामा ती बदलू शकत नाही.

प्रतिसाद : पेढी

आमची तिसरी पिढी सराफीत आहे, म्हणून अनुभवाचे दोन शब्द लिहितो. धागालेखकांनी नाण्याच्या आवाजाबद्दल काहीच लिहिले नाही, याचे मला वाईट वाटले. माझे वडील रुपया तर्जनीच्या टोकावर तोलून धरत आणि दुसऱ्या रुपयाच्या कडेने त्याला हलका टोला देत. खरा रुपया घंटेसारखा लांबवर गुणगुणतो आणि खोटा बद्द वाजतो. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ते नुसत्या कानाने ढिगातून खोटा रुपया वेगळा काढत, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. आपल्या भाषेत भरवशाच्या माणसाला खणखणीत नाणे म्हणतात, ते उगाच नाही.

यंत्राविषयीही सांगणे आवश्यक आहे, कारण लोक त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. आमच्याकडील क्ष-किरणांचे यंत्र नाण्याला धक्का न लावता धातूचे प्रमाण सांगते, पण ते फक्त वरच्या अगदी पातळ थराचे. जाड मुलामा असला तर ते वरची चांदीच मोजते. शिवाय जुन्या चांदीच्या पृष्ठभागावरील तांबे काळाच्या ओघात निघून गेलेले असते, त्यामुळे अस्सल रुपयाही कधी कधी ९४-९५ टक्के दाखवतो. असा आकडा पाहून नाणे नवे असल्याचा निष्कर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत आणि तो निष्कर्ष चुकीचा आहे.

आणि कोणालाही, अगदी आमच्या व्यवसायातील माणसालाही, नाणे कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका, कडेला कानस लावू देऊ नका, आणि त्यावर तेजाबाचा थेंब टाकू देऊ नका. दागिन्याच्या बाबतीत हे चालते, कारण तो वितळवायचाच असतो. नाण्याच्या बाबतीत एक कानस नाण्याची किंमत चांदीच्या भावावर आणून ठेवते.

प्रतिसाद : कसोटी

पेढी, आपल्या वडिलांच्या कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. मी आवाज वगळला तो अशासाठी की ज्याने हजारो रुपये हाताळले आहेत त्याच्याच कानावर विसंबता येते. खऱ्या रुपयाला बारीक तडा गेला असेल किंवा त्याला कधी काळी कडी जोडली असेल, तरीही तो बद्द वाजतो आणि नवखा माणूस खरे नाणे खोटे ठरवतो. उलट चांगल्या चांदीत छापलेली नक्कल खणखणीतच वाजणार. आवाज धातूबद्दल बोलतो, सालाबद्दल बोलत नाही. तरी आपले म्हणणे मान्य करतो की बोटावर तोलून हलक्या टोल्याने ही परीक्षा केली तर नाण्याला इजा होत नाही आणि जर्मन सिल्व्हर पहिल्याच फटक्यात पकडले जाते. नाणे फरशीवर आपटून आवाज ऐकण्याची पद्धत मात्र कोणी अवलंबू नये.

प्रतिसाद : गोदाकाठ

चर्चा यंत्रावर पाडलेल्या कलदार रुपयांपुरती चालली आहे, म्हणून हाताने पाडलेल्या रुपयांबद्दल थोडे लिहितो, कारण आमच्या नाशिक भागात तेच अधिक निघतात आणि त्यांच्या नकलाही अधिक होतात. पुण्याचा अंकुशी रुपया किंवा आमच्याकडील चांदवडच्या टांकसाळीचा चांदोरी रुपया पाहिला तर नवख्याला आधी आश्चर्य वाटते की मराठ्यांच्या रुपयावर मोडी किंवा बाळबोध अक्षर कोठेच कसे नाही. त्यावर फारसीत मुघल बादशहाचे, बहुधा शाह आलमचे नाव असते, कारण त्या नावावरच बाजारात रुपया चालत असे. मराठी टांकसाळ ओळखायची ती अंकुशासारख्या चिन्हावरून. त्यामुळे स्वच्छ देवनागरीत मोठमोठी नावे आणि राजमुद्रा असलेला चांदीचा ‘पेशवेकालीन रुपया’ कोणी पुढे केला तर तेथेच थांबावे. शिवराई तांब्याची आणि होन सोन्याचा. चांदीची शिवराई म्हणून जत्रेत जी विकली जाते तिचे वय माझ्या माहितीत कधी दहा-वीस वर्षांपेक्षा जास्त निघाले नाही.

आता मुख्य मुद्दा. या रुपयांचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे. कारागीर चकती ठशावर ठेवून हातोड्याने ठोकी, म्हणून मजकुराचा जो भाग चकतीवर आला तेवढाच उमटला. एका रुपयावर टांकसाळीचे नाव अर्धे दिसेल, दुसऱ्यावर ते पूर्णपणे बाहेर गेलेले असेल. चकतीची कडही प्रत्येकाची वेगळी, कोठे फाटलेली, कोठे चपटी. त्यामुळे एकाच टांकसाळीचे दोन रुपये एकमेकांशी तंतोतंत कधीही जुळत नाहीत. एकदा एका बाजारात मला एकाच पेटीत सात अंकुशी रुपये दिसले. सातही रुपयांना उजव्या अंगाला एकच चीर, एकच अक्षर अर्धे कापलेले, आणि सराफाने पूर्वी पारख केल्याची ठोकलेली बारीक खूणही सातांवर एकाच जागी. सराफाची खूण हाताने ठोकलेली असते. ती सात नाण्यांवर एकाच जागी येणे अशक्य आहे. कोणीतरी एका खऱ्या रुपयाचा साचा घेऊन बाकीचे ओतले होते. त्यांतला एखादाच वेगळा विकत घेतला असता तर हे कधीही कळले नसते, म्हणून विक्रेत्याकडे त्याच प्रकारची आणखी नाणी आहेत का, हे नेहमी विचारावे.

आमच्याच भागातील आणखी एक उदाहरण देतो, कारण येथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात १३,२५० च्या आसपास नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे, म्हणजे चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह, पुन्हा ठोकली होती. पराभूत राजाच्या चेहऱ्यावर विजेत्याचा ठसा, असा हा पुरावा आहे. अशी नाणी आज मागणीत असल्याने त्यांच्या नकला बाजारात येतात. खऱ्या नाण्यावर दुसरा ठसा पडताना खालचा चेहरा जागोजागी दबून सपाट झालेला असतो. कोठे नाक उरते, कोठे फक्त ओळीतील एखादे अक्षर. ओतीव नकलेत वरचा आणि खालचा ठसा एकाच पातळीवर, एकाच मऊपणाने तरंगत असतात. धातू दोनदा दबला असल्याची खूण तेथे सापडत नाही.

ज्यांना खरी नाणी जवळून पाहून डोळा तयार करायचा आहे त्यांनी अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईच्या फोर्टातील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय या दोन ठिकाणी अवश्य जावे. छायाचित्रात नक्षी कळते, पण धातूचा पोत कळत नाही.

प्रतिसाद : मांडवीकर

गोव्याच्या वाचकांसाठी एक छोटी भर. पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात १८७८ मध्ये करार झाल्यानंतर गोव्याचा रुपया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा झाला. राजा लुईशच्या मुखवट्याचे १८८१ आणि १८८२ चे रुपये ब्रिटिश हिंदुस्थानातील टांकसाळीत पाडलेले आहेत. म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि ९१.६७ टक्के, आणि पाण्यात १.१३ हाच आकडा. माझ्या आजीच्या जुन्या लाकडी पेटीत यांतले दोन आहेत. दोन्ही आज तोलले आणि दोन्ही बरोबर भरले, हे सांगताना मला फार आनंद होत आहे.

प्रतिसाद : नवशिका

आणखी एक शंका. एका ओळखीच्या गृहस्थांकडे एक मोठे नाणे आहे, एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल. त्यांना त्यासाठी कोणीतरी लाखो रुपये देऊ केले आहेत, मात्र आधी काही रक्कम ‘नोंदणीसाठी’ भरायला सांगितली आहे. हे नाणे चांदीचे असेल का?

प्रतिसाद : कसोटी

कृपया आजच्या आज त्यांना थांबवा. रामदरबाराचे असे कोणतेही नाणे कंपनीने चलनात आणलेले नाही. १६१६, १७१७, १८१८ अशी साले घातलेले हे तुकडे विसाव्या शतकात किंवा त्यानंतर भाविकांसाठी आणि भोळ्या गिऱ्हाइकांसाठी तयार केलेले आहेत. त्यात क्वचित चांदी असली तरी ते नाणे ठरत नाही. आधी पैसे भरा आणि मग नाणे विकत घेऊ, असे सांगणारा माणूस नाण्याचा व्यापारी नसतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः जाहीर केले आहे की आपल्या नावाने जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदीसाठी शुल्क किंवा कर मागितला जात आहे आणि बँकेचा अशा व्यवहारांशी काहीही संबंध नाही. तांदूळ ओढून घेणाऱ्या ‘दैवी’ नाण्यांचाही हाच प्रकार आहे आणि त्यात आयुष्याची पुंजी गमावलेली कुटुंबे आपल्या राज्यात आहेत.

इतिहास ठाऊक असला तर अशी अनेक नाणी हातात न घेताही बाद करता येतात. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८७६ पर्यंत ‘क्वीन’ आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ हे शब्द आहेत. ‘एम्प्रेस’ आणि १८६२ हे एकत्र दिसले, किंवा ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८६२ हे एकत्र दिसले, तर भिंगाची गरजच उरत नाही. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचे उदाहरण तर मला फार आवडते. राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड त्या ठशात इतकी आखूड होती की लोकांना तो डुक्कर वाटला. लोकांच्या भावना दुखावल्या आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरावा लागला. १९११ चा रुपया त्यामुळे महाग आहे आणि नकलाकार १९१७ च्या साताचा एक करून तो बनवतात. त्यांना आकडा बदलता येतो, झग्यावरील हत्ती बदलता येत नाही. स्पष्ट सोंडेचा हत्ती आणि १९११ साल एकत्र दिसले की साल खोटे. सहाव्या जॉर्जच्या बाबतीत हेच काम राजाचे डोके करते. १९३८-३९ च्या रुपयावर डोके अधिक उठावदार आहे आणि १९४० पासूनचे अधिक सपाट आहे. त्यामुळे १९४० नंतरच्या रुपयावर कोरलेले १९३९ डोके पाहूनच कळते. माझ्यासारखा १९३८ च्या नाण्यावर फसवला गेलेला माणूस मात्र भिंगाशिवाय सुटत नाही.

१९१७ ते १९२० या सालांचे रुपये बाजारात भरमसाट का आहेत, असे अनेक जण विचारतात. पहिल्या महायुद्धात रुपयांची मागणी इतकी वाढली की अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवून त्यांची चांदी ब्रिटनला विकली आणि ती मोठ्या प्रमाणावर आपल्या टांकसाळींत रुपये होऊन बाहेर पडली. तेव्हा या सालांच्या रुपयाला ‘दुर्मीळ’ म्हणून कोणी चांदीच्या भावाच्या अनेक पटी सांगत असेल तर नाणे खरे असूनही व्यवहार खोटा आहे.

प्रतिसाद : सातासमुद्रापार

आम्ही वीस वर्षे परदेशात आहोत. आईने माझ्या वाट्याला आलेले आजोबांचे नऊ रुपये काढून ठेवले आहेत. पुढील भेटीत ते सोबत आणण्याचा विचार होता. त्यांची पारख येथील जाणकाराकडून करून घेणे योग्य होईल का?

प्रतिसाद : गोदाकाठ

ते परदेशी नेण्यापूर्वी कायदा समजून घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. पाचव्या जॉर्जचे १९२२ पर्यंतचे रुपयेही आता या मर्यादेत आले आहेत. नाणी आईकडेच राहू द्या आणि पारख येथेच करून घ्या. तसेच शेतात किंवा घराच्या पायात पुरलेली नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ‘शेतात सापडली’ असे सांगून नाणी विकणारा माणूस एक तर कायदा मोडत आहे किंवा खोटे बोलत आहे, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दुसरेच खरे असते.

प्रतिसाद : पेढी

धागालेखकांच्या सतराव्या रुपयाविषयी दोन दिवस विचार करत होतो. ११.८१ ग्रॅमला पाण्यात १.१५, म्हणजे घनता १०.२७ च्या आसपास येते. अस्सल रुपयापेक्षा किंचित कमी, पण जर्मन सिल्व्हरपासून फार दूर. मला वाटते हा रुपया कधीतरी हमेलीत होता. पूर्वी गावोगावच्या बायका रुपयांना कडी जोडून गळ्यात हमेल घालत. पुढे माळ मोडली की सोनार कडी काढून टाकत, पण डाख, म्हणजे कडी जोडताना वितळवून लावलेला धातू, तसाच राहत असे. एकट्या डाखाचे वजन पाव ग्रॅम सहज भरते आणि त्याची घनता रुपयाच्या चांदीपेक्षा कमी असते. कृपया राजाच्या डोक्याच्या बरोबर वरची कड भिंगाखाली पाहा. तेथील दाते भरून आले आहेत का?

प्रतिसाद : कसोटी

पेढी, आपले निदान शंभर टक्के बरोबर आहे. राजाच्या डोक्यावर कडेचे सात-आठ दाते करड्या धातूने भरून गेले आहेत, आणि तो थर मागच्या बाजूला साल लिहिलेल्या चौकटीच्या विरुद्ध टोकाला किनारीवर किंचित पसरला आहे. मी दोन्ही बाजूंची छाप इतकी बारकाईने पाहिली आणि कड एका फेऱ्यात पूर्ण फिरवून पाहिलीच नाही. आज बोटावर तोलून टोला दिला तेव्हा तो बाकीच्या चौदांपेक्षा थोडा दबका वाजला, तेही आता समजले.

मावसबहिणीला दूरध्वनी केला. तिच्या सासूबाईंच्या आईच्या अंगावर नऊ रुपयांची हमेल असे आणि दुष्काळात ती मोडावी लागली, असे घरातील वडीलधाऱ्यांना आठवते. आता तिने उरलेल्या चौदा रुपयांच्याही कडा तपासायला मला पुन्हा बोलावले आहे. पुढच्या रविवारी काटा, पेला आणि भिंग घेऊन जातो आणि जे आढळेल ते याच धाग्यावर लिहितो.